बिनओझ्याचे प्रवासी

वसई रोड ते दादर हा प्रवास ज्याने तीस वर्षे रोज केला, त्याला सामान कसे न्यावे याचे धडे कोणी देऊ नयेत, अशी माझी समजूत होती. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत सहामाहीच्या उत्तरपत्रिका आणि त्यांवर अळूची जुडी, असा विरार गाडीत उभा राहिलेला मी माणूस आहे. पहाटेच्या गाडीच्या मालडब्यात आमच्याकडच्या भाजीवाल्या आणि फुलवाल्या आपल्या पाट्या कशा चढवतात, हे ज्याने पाहिले नाही त्याने ओझ्यावर बोलू नये. असे असूनही गेल्या माघात आमच्या चिरंजीवांनी मला धडे दिले आणि मी ते मुकाट्याने घेतले. त्या मुकाटपणाची लाज वाटते, म्हणून हा लेख.

निमित्त गुलमर्गचे. नातीला पायांना स्कीच्या पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचे होते. भुईगावच्या वाळूत लोळून वाढलेल्या मला ही हौस समजत नाही. पण नातीची हौस समजून घ्यायची नसते, पुरवायची असते. तेव्हा विमानाची तिकिटे निघाली. ती काढून झाल्यावर चिरंजीवांनी जाहीर केले की, आपण फक्त हातातले सामान नेणार आहोत. माणशी सात किलो.

हा सात किलोंचा मामला काय आहे, हे ज्यांना विमानाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या देशातल्या विमानात साधारणतः पंधरा किलो सामान पोटात आणि सात किलो हातात नेता येते. २०२१ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना मुभा दिली की, जो उतारू पोटात सामान टाकणार नाही त्याला थोडे स्वस्त तिकीट द्यावे. वर नंतर कोणी सामान घेऊन आलाच, तर त्याच्याकडून त्याचे पैसे घ्यावेत. झाले! तेव्हापासून सामान न नेणे ही एक विद्या झाली आहे. कपड्यांच्या गुंडाळ्या करायच्या, मोज्यांत मोजे कोंबायचे, बुटांच्या पोकळीत औषधे भरायची, आणि जे कशातच मावणार नाही ते अंगावर चढवायचे.

अंगावर चढवायचे म्हणजे काय, ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा. माघ महिना असला तरी अंधेरीला सकाळी दहा वाजता घाम येतो. त्या उकाड्यात ही साध्वी तीन स्वेटर, त्यांवर सूनबाईंचा रेनकोट आणि गळ्यात दोन मफलर घेऊन रिक्षातून उतरली. विमानतळावरच्या शिपायाने तिला दोनदा विचारले, "आजी, बरे वाटत नाही का?"

आता माझा पहिला आक्षेप ऐका. कंपनीवाले सांगतात, वजन वाढले की इंधन जास्त लागते, म्हणून पैसे. बरोबर आहे. पण मी विचारतो, स्वेटर पेटीतून काढून बायकोच्या अंगात घातला, म्हणजे तो विमानाला हलका होतो काय? आमची एक पिशवी काट्यावर ठेवली, तर ती सात किलो सहाशे ग्रॅम भरली. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, सहाशे ग्रॅम काढा. मी पिशवीतून दोन दिवाळी अंक काढले आणि बगलेत धरले. पिशवी पास झाली! सुरक्षा ब्यूरोच्या नियमात बायकांची पर्स, ओव्हरकोट, छत्री किंवा काठी, आणि वाजवी प्रमाणात वाचनाचे साहित्य एका पिशवीखेरीज नेता येते. तेच अंक, तेच विमान, तोच मी. पिशवीत असताना जे जड होते ते बगलेत आल्यावर कापसासारखे झाले. (संपादकांनी याचा बोध घेऊन पुढल्या वर्षी अंकाची पाने वाढवायला हरकत नाही.)

पोटातल्या सामानाला माणसे लागतात, चिठ्ठ्या लागतात, चढ-उताराला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. जो एका दिवसाच्या कामाला एक सदरा घेऊन दिल्लीला जातो, त्याने माझ्या पेटाऱ्याचा खर्च का सोसावा, हा चिरंजीवांचा मुद्दाही खोटा नाही. पण मग हमालीचे पैसे हमाली म्हणून मागा. काटा पुढे करून माणसाला चोरटा बनवू नका. माझी नात दहा वर्षांची आहे. आपल्या आजोबांनी बगलेत काय लपवले आणि आजीने अंगात काय दडवले, हे तिने पाहिले, आणि ती टाळ्या पिटून हसली.

स्कीच्या पट्ट्यांबाबत मात्र मी चिरंजीवांच्या बाजूचा आहे. पंचावन्न सेंटिमीटर लांबीच्या पिशवीत माणसाएवढ्या उंच पट्ट्या शिरणार कशा? त्यांच्याबरोबरच्या टोकदार काठ्या तर विमानात हातात नेऊच देत नाहीत. बुटांचा नुसता जोड तीन-चार किलोंचा. हे सारे गुलमर्गला भाड्याने मिळते. तिथे १९६८पासून सरकारची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, शिकवणारी माणसे आहेत, आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू जो आरिफ खान, तो याच उतारांवर घसरत मोठा झाला. खाली टंगमर्गला बर्फाचे कोट आणि गमबूट तासा-दिवसाच्या भाड्याने देणारी दुकाने आहेत. ज्या गावात जी वस्तू पिकते ती तिथेच घ्यावी. त्याने त्या गावाचे पोटही भरते. वसईहून बर्फाचे बूट नेणे म्हणजे नागपूरला संत्री नेणे.

माझे भांडण नेऊ नये त्या वस्तूंविषयी नाही. न्यायला हवे ते राहिले, त्याविषयी आहे.

आमच्या दारी माणिकपूरला गेली वीस-बावीस वर्षे एक शालवाले चाचा येत. दिवाळीच्या आगेमागे यायचे, पाठीवर भले मोठे गाठोडे. ते ओट्यावर सोडायचे, सौभाग्यवती चहा आणि खोबऱ्याच्या वड्या पुढे ठेवायची, आणि मग शाल घेतली न घेतली तरी तासभर गप्पा. त्यांचे गाव टंगमर्गच्या अलीकडे. आता गुडघे गेले म्हणून ते घरी बसतात आणि मुलगा येतो. आम्ही येणार म्हटल्यावर त्यांचा निरोप आला की, आमच्याकडे जेवल्याशिवाय गुलमर्ग चढायचे नाही.

सौभाग्यवतीने त्यांच्यासाठी तीन किलोंचा ऐवज काढला होता. आगाशीची सुकेळी, पोह्यांचे पापड, आणि चाचांच्या आवडीच्या वड्या. सुकेळी म्हणजे काय ते वसईबाहेरच्यांना सांगायला हवे. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात. मधासारखी गोड, आणि ती करणारी घरे आता फार थोडी उरली आहेत. आदल्या रात्री चिरंजीवांनी स्वयंपाकघरातला काटा मांडला आणि हा ऐवज बाहेर काढला. म्हणाले, "बाबा, याच्या पैशात तिथे मिठाई घेता येईल." हिशेब चोख होता. मी चष्मा पुसत राहिलो.

टंगमर्गच्या वाटेवर चाचांच्या घरासमोर गाडी थांबली. ते काठी टेकत, फेरनच्या आत कांगडी धरून बाहेर आले. आम्हां पाचजणांना त्यांनी मिठी मारली. मग गाडीच्या मागल्या बाजूला नजर टाकून निरागसपणे विचारले, "मास्टरजी, सामान पीछे आ रहा है क्या?"

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत शिक्षणाधिकाऱ्यांपुढे माझी वाचा बसली नव्हती. ती तिथे बसली. श्रीनगरला घेतलेला मिठाईचा पुडा मी पुढे केला. काश्मीरच्या माणसाला काश्मीरच्या दुकानातली मिठाई! त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. जेवण काय होते ते लिहीत नाही. निघताना त्यांच्या पत्नीने अक्रोडांचे पोते आणून ठेवले, आणि सूनबाईंनी अवघडून सांगितले की, आमच्या तिकिटात हे बसत नाही.

आमच्या देशातली टाटांची विमानसेवा सुरू झाली तीच मुळी सामानाने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात टपालाची पोती होती. म्हणजे लोकांनी लोकांना धाडलेले ओझे. आमच्या वसईपुरते म्हणाल, तर १७३९ साली चिमाजी अप्पांची फौज इथल्या चर्चच्या घंटा घाट चढवून घेऊन गेली. एक आजही भीमाशंकराला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. (ती भेट नव्हती, लूट होती, हे मान्य. मुद्दा वजनाचा आहे.) माणूस जातो तेव्हा काही घेऊन जातो आणि येतो तेव्हा काही घेऊन येतो, म्हणून त्याचे जाणे-येणे दुसऱ्याच्या लक्षात राहते. माहेरी आलेल्या लेकीच्या पिशवीचे वजन आपल्याकडे कोणी केले होते? सात किलोंत फक्त आपण मावतो. दुसऱ्यासाठी जे न्यायचे तेच नेमके पहिल्यांदा बाहेर पडते. कपडे कोणी बाहेर काढत नाही.

चिरंजीव म्हणतात, वेळ वाचला. वाचला खरा, सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहावे लागले नाही. पैसे म्हणाल तर गुलमर्गला नातीचे दोन्ही मोजे पहिल्याच दिवशी भिजले, तिसरा जोड अर्थातच आणलेला नव्हता, आणि मोजे, हातमोजे, टोपी असे करीत वाचलेले पैसे बर्फातच विरघळले. आपला भार आपण घरी ठेवला, असे आम्हांला वाटले. तो कुठे गेला ते मला परवा कळले.

परवा म्हणजे वसुबारसेच्या दोन दिवस आधी. चाचांचा मुलगा नेहमीप्रमाणे गाठोडे घेऊन आला. ओट्यावर ते सोडल्यावर त्याने दुसऱ्या खांद्यावरून एक पोते खाली ठेवले. श्रीनगरपासून, दोन गाड्या बदलून, वसई रोडच्या पुलावरून आमच्या दारापर्यंत त्याने ते आणले होते. "अब्बाने दिया है, आपका सामान रह गया था." सौभाग्यवतीने काही न बोलता वड्यांची ताटली पुढे केली. तो गेल्यावर मी चिरंजीवांचाच काटा घेतला आणि अक्रोड थोडे थोडे करून तोलले. नऊ किलो भरले.

आता रेल्वे श्रीनगरपर्यंत पोचली आहे. जून २०२५पासून चिनाबच्या पुलावरून कटरा ते श्रीनगर गाडी धावते, आणि बांद्रा टर्मिनसहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्सप्रेस आहेच. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात माणशी चाळीस किलो सामान फुकट नेता येते. आम्हां दोघांचे ऐंशी. येत्या माघाची तिकिटे काढायला मी सांगितले आहे. चिरंजीव विचारतात, "बाबा, नुसते कटऱ्यापर्यंत दीड दिवस गाडीत बसायचे?" त्यांना मी उत्तर दिलेले नाही. आगाशीला सुकेळी सांगायला जायचे आहे. उशीर केला तर मिळत नाहीत.