सड्यावरचा रानमूग राखू या

उंब्रजला हायवे सोडला की चाफळ-दाढोलीवरून रस्ता सडावाघापूरच्या पठारावर चढतो. खाली तारळी-कृष्णेकाठची काळी, उसाची जमीन. वर जांभ्याचा सडा आणि जेमतेम वीतभर माती. पावसाळ्यात सगळे इथे उलटा धबधबा बघायला येतात. त्यांनी एकदा पायाखालीही बघावं.

सह्याद्रीच्या अशा गवताळ माथ्यांवर, उतारांवर रानमुगाच्या वेली वाढतात. एका जातीला तर खंडाळ्याचंच नाव आहे. 2015 मध्ये सोलापूरच्या संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतली आणखी एक नवी जात जगापुढे मांडली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव यांच्यावरून तिचं नाव ठेवलं ‘विग्ना यादवी’. हिच्या काही फांद्या जमिनीत शिरतात, तिथे कधीच न उमलणारी फुलं धरतात आणि भुईमुगासारखं मातीतच बी भरतं. वरच्या शेंगा गुरांनी खाल्ल्या तरी खालची ठेव शाबूत! अशी वेल गुरांना पुरून उरेल, जेसीबीला नाही. मुरमासाठी, प्लॉटसाठी, पार्किंगसाठी वरचा थर खरवडला की वेल आणि बी एकाच खेपेत डंपरमध्ये जातं.

रानातल्या वेलीचं एवढं काय, असं शेतकऱ्यानं तरी म्हणू नये. केवडा पडून पिवळा झालेला मूग त्यानं पाहिलाय, भुंगेऱ्यानं पोखरलेलं बियाणंही पाहिलंय. शेतातल्या मुगात संकरानं आणता येईल असा, या भुंगेऱ्याला दाद न देणारा गुण शास्त्रज्ञांना सापडला तो मादागास्करमधल्या एका रानमुगात. तो रानमूग कुणी वेळेत गोळा केला होता, म्हणून गुण सापडला. आपल्या सड्यावरच्या वेलींत काय दडलंय, हे त्या जगल्या तरच कळेल.

2012 मध्ये कास पठार जागतिक वारशात गेलं आणि तिथल्या फुलांना राखण मिळाली. बाकीच्या सड्यांना आपणच आहोत.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं जैवविविधता समिती नेमायची आणि त्या समितीनं गावच्या जैवविविधतेची नोंदवही ठेवायची आहे. पाटण-कऱ्हाडच्या गावांनी येत्या ग्रामसभेत ती वही उघडायला लावावी, सड्याचं पान लिहावं. शिक्षकांनी श्रावण-भाद्रपदात पोरांना वेली दाखवायला न्यावं. मुरूम काढायचा ठराव आला तर हात वर करण्याआधी जागा बघून यावं. आणि धबधब्याला येणाऱ्यांनो, गाडी डांबरावरच ठेवा, गवतात घालू नका.