कॅसेट कुठं घालायची?

आमच्या शाळेसाठी मोठा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं ठरलं. दुकानात तो हाताळत होतो, तर शिपाईमामा म्हणाले, "बाई, यात कॅसेट कुठं घालायची?" दुकानदार हसला. मला मात्र हसू आलं नाही.

पूर्वी तासाभराची मिनी डीव्ही कॅसेट भरली, की वर नाव लिहून कपाटात ठेवायची. झालं! २००४ साली पॅनासॉनिकने पी-टू कार्ड आणलं, आणि अशा कार्डांपुढे टेप हळूहळू मागे पडली. पण कार्ड महाग, म्हणून ते रिकामं करून पुन्हा वापरायचं. घोटाळा होतो तो इथंच. दोन वर्षांपूर्वी एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मी कार्डावर घेतल्या, आणि घाईघाईत तेच कार्ड पुसून टाकलं. आजी आता नाहीत.

म्हणून आधी हिशोब, मग कॅमेरा. तुम्हीही करून बघा. आमचा कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सव्वासहा मेगाबाइट. मग तासाला? साडेबावीस गिगाबाइट! चार तासांचं स्नेहसंमेलन म्हणजे ९०. त्याच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, एक डिस्क शाळेबाहेर. डिस्कचे पैसे आधीच बाजूला काढा म्हटलं, तर मुख्याध्यापक कुरकुरले. (मोठ्यांनाही गणित नकोच असतं!)

शेवटी एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा घेतला. भरलेल्या कार्डाला लाल चिकटपट्टी लावायची. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय ती काढायची नाही. हे काम चौथीतल्या दोघींकडे आहे, आणि त्या मलासुद्धा कार्डाला हात लावू देत नाहीत.