1971 लढलेल्या जवानांच्या आठवणी रेकॉर्ड करायची घाई का आहे?

1971 च्या युद्धात विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेलाय. 1965 लढलेले तर त्याहून थकलेत. दरवर्षी 16 डिसेंबरला, विजय दिवसाला, आपल्या टाइमलाइनवर ढाक्यातल्या शरणागतीचा तोच फोटो फिरतो. टेबलावर सह्या करणारे जनरल त्यात दिसतात. खंदकात बसलेल्या शिपायाने काय पाहिलं, हे फारसं कुठे ऐकायला मिळत नाही.

जमालपूरचं उदाहरण घ्या. आजच्या बांगलादेशातल्या या शहरात पाकिस्तानची 31 बलुच पलटण अडकली होती. वेढा घालणाऱ्यांमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे ‘जंगी पलटण’ होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या असं पत्र पाठवलं. पाकिस्तानी कमांडर सुलतान महमूद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली!

हा किस्सा अनेक पुस्तकांत आणि लेखांत आहे. कारण तो अधिकाऱ्यांमधला होता आणि कागदावर होता. पण 10 डिसेंबरच्या रात्री 31 बलुचने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला, तेव्हा अंधारात त्यांची गाठ याच मराठा पलटणीशी पडली. त्या रात्री मशीनगनमागे बसलेल्या जवानाला काय दिसलं? काय ऐकू आलं? अधिकारी निवृत्तीनंतर आठवणी लिहितात. शिपाई गावी येऊन शेती करतो, नाहीतर कुठेतरी सिक्युरिटीची नोकरी धरतो.

सरकारचं धोरण काय सांगतं?

जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचा इतिहास लिहिण्यासाठी एक धोरण मंजूर केलं. युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमायची, पुढच्या तीन वर्षांत नोंदी गोळा करून इतिहास तयार करायचा आणि कागदपत्रं साधारण 25 वर्षांत खुली करायची. अशा स्पष्ट धोरणाची शिफारस कारगिल आढावा समितीने आधीच केली होती, म्हणजे हे पाऊल उशिरा का होईना, चांगलंच.

पण या धोरणाचा भर आहे तो वॉर डायरी, ऑपरेशनल रेकॉर्ड बुक अशा लेखी नोंदींवर. आणि वॉर डायरी लिहितो अधिकारी. त्यात किती वाजता कुठली कंपनी कुठे पोहोचली हे असतं. जेवण पोहोचलं नाही म्हणून रात्र कशी काढली, किंवा शेजारचा गेला तेव्हा त्याच्या खिशात कुणाचं पत्र सापडलं, हे तिथे सहसा नसतं.

आवाज टिकतो तेव्हा

पहिल्या महायुद्धात जर्मनीने पकडलेले काही भारतीय सैनिक बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत होते. जर्मन भाषातज्ज्ञांनी त्यांचे आवाज तबकड्यांवर रेकॉर्ड केले. हेतू इतिहासाचा नव्हता, त्यांना भाषांचे नमुने हवे होते. पण 11 डिसेंबर 1916 ला मल्ल सिंग नावाचा एक पंजाबी सैनिक त्या यंत्रासमोर जेमतेम दीड मिनिट बोलला. स्वतःबद्दलच, पण कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसा. घरचं दूध-लोणी आणि परत जायची ओढ. शंभरहून जास्त वर्षांनंतरही तो आवाज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहे.

अमेरिकेने हे काम ठरवून केलं. 2000 साली तिथल्या संसदेने कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ सुरू केला. आज तिथे एक लाखाहून जास्त माजी सैनिकांच्या नोंदी आहेत. बहुतेक मुलाखती तज्ज्ञांनी नव्हे, तर नातवंडांनी, विद्यार्थ्यांनी, शेजाऱ्यांनी घेतल्यात. अट साधी: किमान 30 मिनिटं आणि एडिटिंग नको.

आठवणीत चुका असतातच की!

असतात. तारखा सरकतात, ऐकलेलं पाहिलेलं वाटायला लागतं, पन्नास वर्षांत पाहिलेले सिनेमे आठवणीत मिसळतात. म्हणून अशी मुलाखत म्हणजे पुरावा नव्हे, ती वॉर डायरीशेजारी ठेवून ऐकायची गोष्ट आहे. आणि डायरीही काही पूर्ण निःपक्षपाती नसते, हे विसरू नका.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जवानांचं स्मारक आहे. त्या युद्धातून परत आलेल्यांना विचारायची वेळ कधीच निघून गेली. 1971 वाल्यांना अजून विचारता येतं.

तुमच्या घरात किंवा आळीत असे कुणी आजोबा असतील तर फोन पुरेसा आहे. पंखा बंद करा, फोन जवळ ठेवा. ‘तुम्हाला काय वाटलं?’ ऐवजी ‘बूट कसले होते?’, ‘पहिलं पत्र घरी कधी पोहोचलं?’ असं विचारा, माणूस आपोआप मोकळा होतो. आजींनाही शेजारी बसवा, मनीऑर्डर यायला उशीर झाला की घर कसं चालायचं ते त्याच सांगतील. एखाद्या विषयावर ते गप्प झाले तर रेटू नका. गोपनीय वाटणारं काही आलं तर ते ऑनलाइन टाकायचं नाही, सरकारी गुपितांचा 1923 चा कायदा अजून लागू आहे.

रीलसाठी 40 सेकंद कापायचा मोह होईल. कापा, पण त्यांना विचारून, आणि मूळ फाइल तशीच ठेवून. फाइलच्या नावात त्यांचं नाव, पलटण, गाव आणि तारीख लिहा आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि फोन बदलला की बऱ्याचदा हरवतोही.