माध्यान्हीची यादी

चैत्र सरता सरता कळंब्याच्या तलावाचे पाणी काठापासून आत सरकू लागते, कात्यायनीच्या डोंगरावरचे गवत पार करपून जाते आणि बारानंतर रस्त्यावर चिटपाखरूही दिसेनासे होते. अशा वेळी पंख्याखाली आडवे होऊन मोबाइलवर ‘मन शांत करणारे संगीत’ शोधणाऱ्यास जी प्लेलिस्ट हाती येते, तीत पावसाचा ध्वनिमुद्रित आवाज, समुद्राची गाज आणि पियानोचे मंद सूर यांचेच प्राबल्य असते. त्या ध्वनींशी माझे वैर नाही. परंतु ज्या करवीर नगरीत अल्लादियाँ खाँसाहेबांनी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने जयपूर-अत्रौली गायकी रुजवली, तिच्या वेशीवर राहणाऱ्याने आपली दुपार अशी परक्या यादीच्या हवाली करावी, हे मला मान्य नाही.

आपल्या संगीताने अहोरात्राचे आठ प्रहर रागांना वाटून दिले आणि माध्यान्हीचा काळ सारंगाच्या नावे मुक्रर केला. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य. त्यामुळे षड्ज, ऋषभ, मध्यम, पंचम आणि निषाद यांच्यामध्ये जे अवकाश उरते, ते भर उन्हातल्या ओसाड माळासारखे विस्तीर्ण आणि निःशब्द भासते. शुद्ध सारंगात दोन्ही मध्यम येतात आणि त्या माळावर कोठेतरी सावली पडते. कुमार गंधर्वांच्या शुद्ध सारंगातील एका बंदिशीत तर झाडाखाली येऊन बसल्याचेच चित्र आहे. ऊन कलू लागले की भीमपलासी, आणि त्यानंतर मुलतानी. राग आणि प्रहर यांचे हे नाते निसर्गनियम आहे की केवळ वहिवाट, हा वाद जुना आहे. परंतु दीर्घ वहिवाटीने जसा जमिनीवर हक्क लागतो, तसा तो कानावरही लागतो, आणि ऐन दुपारी लागलेला सारंग ज्याने एकदा स्वस्थपणे ऐकला, त्यास त्या हक्काचा दाखला निराळा द्यावा लागत नाही.

म्हणून माझी तजवीज अशी, की उन्हाळ्याच्या यादीत चारच चिजा असाव्यात, पण त्या पूर्ण असाव्यात. १९४६ साली निवर्तलेल्या खाँसाहेबांनी स्वतःची एकही ध्वनिमुद्रिका मागे ठेवली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांना लाखेच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि तेवढ्यातच बसवलेली त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. काळाची ती सक्ती आज उरलेली नाही, तासाभराचा ख्याल विनासायास उपलब्ध आहे. असे असूनही आपण तीन-तीन मिनिटांचे पन्नास तुकडे भरतो, वर त्यांचा क्रम यंत्राकडून उलटसुलट करून घेतो, आणि मग मन स्थिरावत नाही म्हणून तक्रार करतो. विलंबित लयीत गायक पहिल्या आवर्तनात समेवर येईतो आपला श्वासही हळूहळू त्या लयीच्या आधीन होतो; त्याला तेवढा अवधी तरी द्यावयास हवा.

आरंभी भीमसेन जोशींचा वृंदावनी सारंग लावावा, जेवणानंतर कुमारांचा शुद्ध सारंग, मग एखाद्या सनईवरचा भीमपलासी; दोन चिजांमध्ये पाच-दहा मिनिटांची स्तब्धता अवश्य राखावी, कारण स्वर थांबल्यावरही तो घरात काही वेळ वावरत असतो. मुलतानी शेवटी. वैशाखात मात्र चारच्या सुमारास पश्चिमेकडे काळे ढग चढू लागतात, तलावाकडून धुळीचा लोट येतो, आंब्याची पाने सळसळतात आणि पत्र्यावर वळवाचे पहिले टपोरे थेंब पडतात. तेव्हा मुलतानी अर्ध्यावर आला असला, तरी तो बंद करून खिडकी उघडावी.