कॅलथ्रॉपची दुसरी लाईन

या आठवड्यात एकच मजकूर मोबाईलवर चहूबाजूंनी येऊन आदळला. तपकिरी फोटो, वाफेचं छोटं इंजिन, टपावर दाटीवाटीनं बसलेले वारकरी. खाली लिहिलेलं : ‘गोऱ्या साहेबाला बार्शीचा लळा होता, म्हणून त्यानं गाडी दिली. आपल्याला ती नुसती टिकवताही आली नाही.’ पाठवणाऱ्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले काही सद्गृहस्थही आहेत. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

मजकुरातला ‘गोरा साहेब’ म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तो कोण, हे या स्तंभाच्या जुन्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेची मुख्य लाईन कुर्डुवाडीवरून निघून गेली आणि बार्शीसारखी कापसाची एवढी मोठी पेठ बाजूला पडली, हे या लोको इन्स्पेक्टरनं हेरलं. पुढे जीआयपी सोडून त्यानं बार्शी लाईट रेल्वे कंपनीचा घाट घातला. 1895 मध्ये उभी राहिलेली ती कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती. भागधारकांना लाभांश हवा होता, लळा नव्हे.

त्याची थोरवी हिशेबात आहे. अडीच फुटी रूळ आणि कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, मग तो मालडबा असो की इंजिन. इंजिन जड, म्हणून त्याच्या पोटाखाली सहा आस घातले. भार सगळीकडे सारखा वाटला की हलक्या रुळावर भागतं, पुलाचा खर्च उतरतो आणि डब्यात माल जास्त बसतो. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी 21 मैलांवर गाडी धावू लागली. आषाढीला मालाच्या डब्यांतूनही माणसं गेली. साहेबाला विठ्ठल दिसला असेल-नसेल, गर्दी मात्र बरोबर दिसली.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे. विलायतेत परतलेल्या कॅलथ्रॉपनं बार्शीचाच नमुना आपल्या देशातही उतरवला. स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, वॉटरहाउसेस ते हल्म एंड अशी ही लाईन 27 जून 1904 रोजी सुरू झाली. लांबी जेमतेम सव्वाआठ मैल. रूळ तोच अडीच फुटी, इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याचीच. एका इंजिनाला तर कॅलथ्रॉपचंच नाव. दोन्ही इंजिनांच्या कपाळावर भलेथोरले दिवे लावलेले, जणू रात्री माळरानावरून जायचंय. प्रत्यक्षात त्या दिव्यांना काम असं पडलंच नाही. डबे पिवळे, टोकाला व्हरांडे. आपल्याकडच्या उन्हाला शोभणारा थाट इंग्लंडच्या धुक्यात उभा केलेला.

अभियांत्रिकीत खोट काढायला जागा नाही. रुंद रुळावरचा डबा अख्खाच्या अख्खा पाठीवर घेऊन जाणारी खास वाहनं त्यानं तिथं चालवली, म्हणजे माल उतरवून पुन्हा भरण्याचा खटाटोपच नको. पण चढायला माणसं कुठून आणायची? हल्म एंड ही वाडी. हार्टिंग्टन हे बरं गाव तिथून दोनेक मैल. उन्हाळी रविवारी शहरातले हौशे येत, एरवी मदार दुधावर. दूध मोटारीनं जाऊ लागलं, खोऱ्यातली दुधाची डेअरी बंद पडली आणि मार्च 1934 मध्ये गाडीही थांबली. तीस वर्षांत खेळ खलास. इंजिनं मोडीत गेली. रूळ काढलेल्या वाटेवर आता लोक पायी आणि सायकलनं फिरतात.

तोवर बार्शी लाईट काय करत होती? 1906 मध्ये पंढरपूरला पोहोचली, 1911 मध्ये निजामाच्या मुलुखातल्या लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. डोकं तेच, माप तेच, कारखाना तोच. एक लाईन बाजार आणि वारी यांच्या मधोमध पडली, दुसरी नुसत्या निसर्गात. रेल्वे निसर्गावर चालत नाही. हे मी हेरिटेजवाल्यांना सांगून थकलो. यंदाही ते ऐकणार नाहीत.

उतारवयात या गृहस्थानं एसेक्समध्ये लाउटनला अरबी घोडे पाळले, घोड्याला मारझोड न करता शिकवावं म्हणून 1920 मध्ये पुस्तक लिहिलं. मित्र चार्ल्स रोल्स 1910 मध्ये विमान अपघातात गेल्यावर तो पॅराशूटच्या मागे लागला. त्याचं ‘गार्डियन एंजल’ बांधून 1917 मध्ये ऑर्ड-लीज हा अधिकारी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून सुखरूप उतरला. तरीही महायुद्धभर ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट मिळालं नाही. फुग्यांतल्या निरीक्षकांना मिळालं. जर्मन वैमानिक 1918 मध्ये पॅराशूट वापरू लागले होते. फाईल इकडची असो की तिकडची, टेबल बदललं तरी मुक्काम तोच. आमच्या रेल्वे बोर्डाचे पूर्वज लंडनमध्येच राहत असावेत, असा मला दाट संशय आहे. पुरावा मागू नका.

आता राहिलं ‘आपल्याला टिकवता आली नाही’ हे तुणतुणं. सरकारनं 1954 मध्ये बार्शी लाईट विकत घेतली, पुढे ती रुंद केली. एप्रिल 2016 मध्ये लातूरची जीभ कोरडी पडली, तेव्हा मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गेच पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. रुळाची रुंदी बदलली, पण मिरज ते लातूर हा दुवा कामाला आला. टिकवणं म्हणजे आणखी काय असतं? इंजिनाला हार घालणं?

हळहळच करायची हौस असेल तर विदर्भात या. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, तीही अडीच फुटीच. तिथं स्वस्त तिकिटाची गरज असलेली माणसं होती, आजही आहेत. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, गाडी मात्र बंद. मॅनिफोल्डची गाडी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गेली. शकुंतला गिऱ्हाईक असून गेली, आणि हा हिशेब कुठल्याही गोऱ्या साहेबाच्या खात्यावर मांडता येणार नाही.