पहिल्या धारेचे कौतुक पुरे

झाडीपट्टीतून एखादा कवितासंग्रह आला की आमच्या समीक्षकबंधूंची लेखणी एका विशेषणापाशी हटकून विसावते: हे लेखन ‘पहिल्या धारेचे’ आहे. विशेषण हातभट्टीवरून उचललेले आहे, आणि आमच्या भंडाऱ्याकडे हातभट्टी म्हणजे मोहाची. ज्या प्रदेशातली उपमा, त्याच प्रदेशाच्या लेखकाला ती बक्षीस म्हणून परत करण्यात येते. त्या धारेत असते काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

भट्टी तापली की आधी बाहेर पडतात ते सर्वांत हलके, उग्र वासाचे, घशाला ओरबाडणारे घटक. जाणता गाळणारा तो आरंभीचा भाग बाजूला सारतो. मराठी समीक्षा नेमका तोच प्याला लेखकाच्या हाती देते आणि त्याला अस्सलपणा म्हणते.

वस्तुतः उग्रपणा हा मोहाचा स्वभाव नव्हे. मोह हा शब्द ‘मधूक’वरून आला, म्हणजे मुळाशी ‘मधु’ आहे. मध आंबवून केलेल्या पेयाला इंग्रज ज्या नावाने ओळखतात ते ‘मीड’ही याच गोत्रातले. घरी मीड करणारा पहिली गोष्ट शिकतो ती थांबण्याची. मधाचे पाणी आंबून फेस ओसरला तरी पेय गढूळ असते, चवीला जळजळीत असते. किण्व तळाशी बसू द्यायचे, वरची निवळ नळीने दुसऱ्या भांड्यात घ्यायची, पुन्हा गाळ बसला की पुन्हा तेच. आणि मग सहा महिने, वर्षभर, अंधारात ठेवून द्यायचे. आरंभी दडलेला मधाचा गंध तेव्हा कुठे वर येतो. निवळणे आणि मुरणे ही दोन्ही क्रियापदे आपल्या घरची आहेत. निवळीचे बी माठाला आतून घासून गढूळ पाणी स्वच्छ करणे विदर्भात जुनेच. लोणचे मुरते हे तर शहरालाही ठाऊक आहे.

मग मोह का मुरत नाही? कारण त्याला ठेवायचे कुठे! 1949च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याविना गाळणे हा गुन्हा, गाळलेले जवळ बाळगणे हाही गुन्हा. (मुंबई इलाख्यात तर 1892 सालीच नुसत्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता.) ज्याच्या दारी केव्हाही छापा पडू शकतो, तो निवळ काढीत बसत नाही. तो घाईसाठी नवसागर टाकतो, फुलांच्या चोथ्यासकट भांडे चुलीवर चढवतो, तळ करपतो, आणि उतरलेले त्याच रात्री विकून मोकळा होतो. करपट वास झाडाचा नाही, भीतीचा आहे. आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापून येते की अमुक लिटर ‘सडवा’ नष्ट केला. इडलीचे पीठ आंबते, द्राक्षाचा रस आंबतो. मोह तेवढा सडतो!

आम्ही दारूची वकिली करतो आहोत, असे कोणी म्हणेल. दारूने उठलेली घरे आम्ही पाहिली आहेत. 1993 साली गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली त्यामागच्या चळवळीतील स्त्रियांचा संताप आम्हाला परका नाही. परंतु ती घरे मुरवलेल्या पेयाने उठली नाहीत, आणि परवान्याच्या दुकानातील बाटली काही कमी पापी नव्हे. प्रश्न पिण्याचा नसून कोणाच्या आंबवण्याला काळ मिळतो याचा आहे. पुण्याच्या मीडला परवाना मिळतो. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये ती राज्याचे वारसा पेय ठरली. ती मोठ्या काचेच्या बुधल्यांत निवांत पडून राहते आणि जुनी झाली म्हणून मान पावते. बावनथडीपलीकडे मध्य प्रदेशानेही मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफुले वेचणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध सैल केले. म्हणजे फूल आता ठेवता येते. परवान्याविना अर्क अजून नाही.

लेखनाचेही असेच चालले आहे. झाडीबोलीतल्या लेखकाने उग्र, ताजे, गावठी असावे. त्याचे चौथे पुस्तक संयत झाले, भाषा निवळली, की ‘पूर्वीची धार राहिली नाही’ असा शेरा येतो. ‘मुरलेला लेखक’ ही पदवी जणू सदाशिव पेठेसाठी राखीव आहे. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या शब्दांसाठी आयुष्य वेचले. त्या कामाचे कूळ धारेचे नव्हे, तळाशी बसलेला गाळ ओळखून वरचे निवळ अलगद काढण्याचे आहे. त्याला कोणते विशेषण लावणार?

आमच्या वर्गातील कित्येक मुले चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचतात आणि मग तासाला येतात. त्यांच्या उत्तरपत्रिकांत ‘पहिल्या धारेची कविता’ हे शब्द आम्हाला दरवर्षी भेटतात, कारण मार्गदर्शक पुस्तिकांत ते छापलेले असतात. यंदापासून त्याखाली आम्ही लाल रेघ ओढणार आहोत. समासात एवढेच लिहू: ही धार कोणी, कोणत्या रात्री, कशाच्या घाईने उतरवली ते सांगा.