जिमचा गोंगाट आणि पिंजाऱ्याचा हात

व्यायामाची आवड अमरावती जिल्ह्याला नवी नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले आणि १९३६ साली या मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. त्या काळची तालीम कशी असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. खाली भुसभुशीत लाल माती, बाजूला मातीच्या भिंती, वर कवेलूचे छप्पर आणि चारही बाजूंनी वारा. पहिलवान पडला तरी आवाज मातीत जिरत असे. दंडबैठका काढणारा माणूस आवाज करतो तो श्वासाचा, आणि त्याचा त्रास कोणालाच होत नाही.

आज तालीम गेली आणि जिम आली. ती फक्त अमरावती शहरात राहिली नाही, तर भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. स्लॅबचा गाळा किंवा टिनाचे शेड भाड्याने घ्यायचे, खाली टाइल बसवायची, तीन भिंतींना आरसे लावायचे, यंत्रे मांडायची आणि कोपऱ्यात मोठा स्पीकर ठेवायचा. सिमेंट, टाइल, काच आणि टिन हे चारही पदार्थ आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. डंबेल आपटला की तो आवाज तीन-चार सेकंद खोलीत फिरत राहतो. शिकवणाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो. ओरडण्यात गाणे ऐकू येत नाही म्हणून मालक स्पीकर वाढवतो. मग शेजारी भांडायला येतो.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना या पानातून सांगायचे ते एवढेच, की या भांडणात एक धंदा दडलेला आहे. तो धंदा पिंजारी, सुतार आणि शिलाई कारागीर या तिघांच्या हाताचा आहे. मात्र तो खरेपणाने केला तरच टिकेल. खोटी हमी देऊन केला, तर एका हंगामात नाव जाईल आणि त्यात एखाद्याचा जीवही जाऊ शकेल.

गाद्यांनी लागलेला शोध

भिंतीवर लावायची ध्वनिशोषक पॅनेल ही वस्तू परदेशी आणि अवघड वाटते. मुळात ती उभी केलेली गादी आहे. ही आमची कल्पना नाही, या शास्त्राचा जन्मच गाद्यांतून झाला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नसे. १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते दुरुस्त करण्याचे काम आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. थोड्या थोड्या गाद्या वाढवत तो ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजी. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत होता. गाद्या वाढल्या तसा तो काळ कमी होत गेला. या मोजमापातून जे सूत्र निघाले, तेच आज जगभर वापरतात.

सॅबिनने शोषणाचे माप ठरवले ते उघड्या खिडकीचे. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक पूर्ण माप. गुळगुळीत सिमेंट शंभरातला दोन-तीन भाग आवाज घेते. दोन इंच जाडीचे, हवा खेळणारे चांगले पॅनेल बोलण्याच्या पट्टीतला सुमारे ऐंशी भाग घेते. म्हणजे भिंतीवर पॅनेल लावणे हे आवाजापुरती खिडकी उघडण्यासारखे आहे.

हिशेब कारागिराला स्वतः करता आला पाहिजे. समजा गाळा ४० फूट लांब, २५ फूट रुंद आणि १२ फूट उंच आहे. घनफळ झाले १२,००० घनफूट. जमीन, छत आणि भिंती मिळून पृष्ठभाग ३,५६० चौरस फूट. शंभरी तीन भाग धरला तर शोषण सुमारे १०७ माप. व्यायाम करणारी दहा माणसे प्रत्येकी पाच माप धरली, तर एकूण १५७. आता घनफळाला ०.०४९ ने गुणून या आकड्याने भागावे. उत्तर येते ३.७ सेकंद. एवढा वेळ आवाज घुमतो. आता ५०० चौरस फूट पॅनेल लावले, तर एकूण शोषण ५४० मापांच्या आसपास जाते आणि घुमण्याचा काळ एका सेकंदाजवळ येतो. २ बाय ४ फुटांची ६३ पॅनेल झाली. एका तालुक्याच्या गावातल्या तिघा कारागिरांना हे काही दिवसांचे काम आहे.

गिऱ्हाइकाला आधीच काय सांगावे

इथेच बाजारात फसवणूक होते. आमच्या ओळखीच्या एका जिमचालकाला एका विक्रेत्याने सांगितले, की फोमचे तुकडे भिंतीला चिकटवा, शेजाऱ्याची कटकट बंद. त्याने पैसे मोजले. आतला घुमारा कमी झाला, पण शेजाऱ्याची झोप होती तशीच मोडत राहिली. विक्रेता परत आला नाही.

आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मऊ पॅनेल आतला आवाज शोषते. बाहेर जाणारा आवाज अडवायला जड भिंत लागते आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. वजन आपटल्याचा धक्का तर हवेतून जातच नाही, तो जमिनीतून आणि स्लॅबमधून जातो. त्याला भिंतीवरचे पॅनेल काहीही करू शकत नाही. त्यासाठी खाली जाड रबराच्या लाद्या लागतात आणि वजने टाकण्याची जागा वेगळी करावी लागते. वरच्या मजल्यावर जिम असेल तर हे काम पहिले, पॅनेल नंतर.

वरच्या उदाहरणात घुमारा चौथ्या हिश्शाच्या आसपास आला, तरी आतल्या आवाजाची पातळी पाच-साडेपाच डेसिबलच उतरते. हा आकडा लहान दिसतो, पण निरुपयोगी नाही. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा अनेक तज्ज्ञ मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. दिवसभर आत उभ्या राहणाऱ्या शिकवणाऱ्याला या पाच डेसिबलचे मोल मोठे. शिवाय बोलणे स्पष्ट ऐकू येऊ लागले की मालक स्पीकर खाली आणू शकतो. शेजाऱ्याला खरा आराम मिळतो तो तेथून. म्हणून पॅनेल लावून स्पीकर पूर्वीइतकाच ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, की पैसे वाया जातील.

कायदाही गिऱ्हाइकाच्या कानावर घालावा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात ६५ आणि ५५ ही मर्यादा आहे. कायद्याची रात्र दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपते. पहाटे पाचला गाणी लावून उघडणारी जिम कायद्याच्या रात्री वाजत असते, हे पुष्कळ चालकांच्या लक्षात येत नाही.

आगीचा प्रश्न

आता सर्वांत गंभीर गोष्ट. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइट क्लबच्या भिंतीवर आवाजासाठी लावलेला फोम आतिशबाजीच्या ठिणगीने पेटला आणि १०० माणसे गेली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारिया शहरात तसेच घडले. तेथे छताच्या फोमने २४२ जीव घेतले. दोन्ही ठिकाणी आवाज गिळणारी वस्तूच आग पसरवणारी ठरली. तिच्या विषारी धुरात लोक दारापर्यंत पोचू शकले नाहीत.

आमच्या वऱ्हाडात कापूस आहे, म्हणून पॅनेलात कापूसच भरावा, हा विचार कोणाच्याही मनात येईल. कापूस आवाज उत्तम शोषतो, यात शंका नाही. पण कच्चा कापूस पेटतो आणि आत धुमसत राहतो. बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेला कापूस आगीला बराच टिकतो आणि परदेशात तशा गाद्या व अस्तरे बनतातही. परंतु ही प्रक्रिया मापात झाली पाहिजे आणि प्रयोगशाळेचा दाखला हवा. तो हाती येईपर्यंत कच्चा कापूस सार्वजनिक जागेच्या भिंतीवर लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. थर्मोकोल तर कामाचाच नाही. तो आवाज शोषत नाही आणि पेटतो. अंड्यांच्या ट्रेचीही गोष्ट तीच.

मग भरावे काय? दगड वितळवून काढलेली लोकर, जिला बाजारात रॉकवूल म्हणतात, ती पेटत नाही. तिचे दोन इंच जाडीचे स्लॅब साधारण २ बाय ४ फुटांतच येतात. वरचे कापडही आगीला टिकणारे आणि दाखला असलेले घ्यावे, नाहीतर आत दगड ठेवून बाहेर काडी लावल्यासारखे होईल. दारे, जिना आणि विजेचा बोर्ड यांच्या भोवती काहीही लावू नये.

यावर आमचा पिंजारी बंधू विचारील, की कापूसच नाही तर माझे काय काम? हा प्रश्न रास्त आहे. तयार फोमच्या आणि काथ्याच्या गाद्यांनी मन्सुरी आणि नदाफ घराण्यांचे काम आधीच ओढून नेले. पण पिंजाऱ्याचे हुनर केवळ कापूस मोकळा करण्यात नव्हते. भरण सारखे पसरणे, कोपरे दाबून भरणे, टाके घालून ते सरकू न देणे, हे त्याचे खरे काम. उभ्या पॅनेलात भरण खाली बसले की वरचा अर्धा भाग पोकळ होतो. ते बसू न देणारा हात पिंजाऱ्याचा आहे. उद्या दाखला असलेला प्रक्रियेचा कापूस मिळू लागला, तर हे काम पुन्हा त्याच्याच मालाचे होईल.

काम कसे करावे

सुताराने सुक्या लाकडाची दोन इंच खोल चौकट करावी. मागे पूर्ण प्लाय लावण्याची गरज नाही, आडव्या दोन पट्ट्या पुरतात. रॉकवूल कापताना तोंडाला मास्क, हातात मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, कारण तिचे तंतू खाजतात. लोकरीवर आधी न विणलेल्या पातळ कापडाचा थर घालावा, म्हणजे तंतू हवेत उडणार नाहीत. जिममध्ये माणूस धापा टाकत असतो, हे विसरू नये.

वरचे कापड निवडायची खूण सोपी आहे. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. वारा पार गेला तर आवाजही जाईल. रेक्झिन दिसायला छान आणि पुसायला सोपे, पण त्यातून वारा जात नाही, म्हणून बारीक आवाज त्यावरून परत फिरतो. खोळ काढून धुता येईल अशी शिवावी. आमच्याकडची धूळ आणि जिममधला घाम पाहता ही सोय दिली नाही, तर वर्षभरात गिऱ्हाईक पॅनेल काढून टाकील.

पॅनेल भिंतीपासून दोन इंच पुढे लावले, तर मागच्या हवेमुळे ढोलाचा जाड आवाजही जास्त शोषला जातो. ते एकाच भिंतीवर न लावता समोरासमोरच्या भिंतींवर वाटावे. आरशांनी भिंती अडल्या असतील किंवा टिनाचे शेड असेल, तर छताखाली पंख्यांपासून दूर उभी टांगावीत. तेथे दोन्ही बाजू आवाज घेतात. टांगणी पक्की हवी, खाली माणसे असतात.

काम घेण्यापूर्वी खोलीच्या मध्ये उभे राहून गिऱ्हाइकासमोर एक जोरदार टाळी वाजवावी आणि ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा वाजवावी. हा पुरावा कोणत्याही जाहिरातीपेक्षा बोलका आहे. पावतीवर कोणता माल, किती जाडी, आगीचा दाखला कोणता आणि या कामाने काय होणार नाही, हे चारही लिहून द्यावे.

जिमवर हात बसला की हेच काम शाळेच्या वर्गाला, शिकवणीच्या खोलीला, मंगल कार्यालयाला, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहाला लागते. तेथेही सिमेंट आणि टाइलच आहे. शहरातून तयार माल येऊन आपल्या गावात विकला जाण्याआधी भातकुलीतल्या एका पिंजाऱ्याने, एका सुताराने आणि एका शिलाईवाल्याने एकत्र बसावे, दोन-तीन पॅनेल स्वतःच्या दुकानात लावावीत आणि टाळी वाजवून पाहावी. भांडवल थोडे लागेल. खरे बोलण्याची तयारी मात्र पुरेपूर लागेल.